मी थांबलो होतो

आण्णा गेले त्याला आता वर्ष होईल. भावकीत अजून बोललं जातं, "पोरानं लई जोरात दाबलं." माझ्यासमोर नाही, पण येडगावात काय लपतंय!

मे महिना. वर्क फ्रॉम होम घेऊन गावी आलो होतो. आण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, टोमॅटोच्या बागेत कोसळले. हाका मारल्या, हलवलं. श्वास नाही. काकूला १०८ लावायला सांगून मी गुडघ्यांवर बसलो. कंपनीत सीपीआरचं दोन तासांचं ट्रेनिंग झालं होतं. तिथल्या पुतळ्याच्या छातीतून 'टिक' आवाज आला की दाब बरोबर. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

आण्णांच्या छातीतूनही आवाज आला. वाळकी काठी मोडावी तसा. हाताखालची छाती एकदम मऊ लागली.

मी थांबलो.

"आरं, काय झालं?" काकू ओरडली, तेव्हा पुन्हा सुरू केलं. अ‍ॅम्ब्युलन्स आली, नारायणगावला नेलं, पण उपयोग झाला नाही. अंघोळ घालताना छातीवरचा काळानिळा डाग सगळ्यांनी पाहिला.

नंतर रात्र-रात्र वाचत बसलो. १९६०मध्ये ही पद्धत जगापुढे मांडणाऱ्या तिघांत सर्जन एकच, जेम्स ज्यूड. बाकीचे दोघे, कौवेनहोवेन आणि निकरबॉकर, इंजिनिअरिंगवाले. (हे वाचून उगाच बरं वाटलं.) वय वाढतं तशा बरगड्या ताठर होतात, त्यामुळे दाब पुरेसा खोल असला तर त्या मोडणं नेहमीचंच. क्वचित तुटलेलं टोक फुप्फुसात घुसतं, यकृतालाही इजा होते. पण बंद पडलेलं हृदय तसंच ठेवलं तर काही मिनिटांत मेंदू जातो. म्हणून आवाज आला तरी हात जागेवर आहेत ना बघायचं आणि दाबत राहायचं. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे एवढं एकच वाक्य राहून गेलं होतं.

दिवाळीत काकू मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू मधीच थांबला व्हतास ना रं?"

"हो. बरगडी मोडली, काकू. मला वाटलं, त्यांना लागतंय."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.