उलट्या वयाचे गृहस्थ

लंडनमध्ये फ्लॅट घेतलात, अभिनंदन! हॅरो असो की हाउन्स्लो, स्टेशन जवळ आहे, खिडकीतून झाडं दिसतात, सगळं छान. पण त्या घरात तुमच्या आधीपासून एक गृहस्थ मुक्कामाला आहेत. त्यांचं नाव भाडेपट्टा. तुम्ही पैसे मोजलेत ते त्यांच्या उरलेल्या वर्षांसाठी. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची.

यांचं वय उलटं चालतं. जन्मतात तेच ९९ किंवा १२५ वर्षांचे होऊन, आणि मग वर्षाला एकेक वर्ष लहान होत जातात. शून्यावर पोचले की घर फ्रीहोल्डरकडे परत, आणि तुम्ही फार तर तिथले भाडेकरू.

स्वभाव कमालीचा अबोल. बॉयलर कुरकुरतो, छत ठिबकतं, पण हे वर्षानुवर्षं हूं की चूं करत नाहीत. म्हणून घरातली माणसं त्यांना विसरून जातात. मग कधीतरी फ्लॅट विकायला काढला की गिऱ्हाइकाचा सॉलिसिटर पहिली चौकशी यांच्या वयाची करतो. वय सत्तरच्या खाली उतरलं असेल तर बऱ्याच बँका कर्ज द्यायला कां-कूं करू लागतात.

८० या आकड्याच्या बाबतीत ते भलतेच मानी आहेत. पैसे मोजून कायद्याने यांची मुदत ९० वर्षांनी वाढवून घेता येते. वय ८० च्या वर असेपर्यंत या मुदतवाढीचा हिशेब दोनच गोष्टींचा. एक, फ्रीहोल्डरचा बुडणारा ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीचं भाडं. दुसरी, मुदत संपल्यावर त्याला मिळणारं घर आणखी ९० वर्षं लांबणार, त्याची भरपाई. ही दुसरी रक्कम ऐकायला मोठी वाटते. पण ८० वर्षांनी हाती येणारे ४ लाख पौंड ५ टक्क्यांच्या रूढ दराने मागे मोजत आणले, तर त्यांची आजची किंमत ८ हजारांच्या आसपास भरते. मात्र वय उतरून ८० वर आलं की तिसरी मागणी पुढे होते, मॅरेज व्हॅल्यूची. मुदत वाढल्यामुळे दोघांच्या हक्कांची मिळून जी किंमत वाढते, तिचा निम्मा वाटा फ्रीहोल्डरला द्यायचा. ८० च्या वर एक दिवस जरी असला तरी हा वाटा शून्य. दुसऱ्या दिवशी तोच हजारो पौंडांचा. यांच्या स्वभावातली ही सर्वांत अन्यायाची बाजू आहे असं माझं ठाम मत आहे. रेघ जवळ आली आहे असं सांगणारं पत्रही कुणी घरी धाडत नाही.

घराणं मात्र बडं. मेफेअर, बेल्ग्रेव्हियाचा बराच भाग ग्रोव्हनरांचा, चेल्सीचा मोठा भाग कॅडोगनांचा. अशा जमीनदारांच्या दप्तरात हे वाढले. भाडेपट्ट्यावरच्या स्वतंत्र घरांना १९६७ च्या कायद्याने हक्क मिळाले, फ्लॅटवाल्यांना मात्र १९९३ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. त्या कायद्यावरून ग्रोव्हनरांचे प्रमुख, सहावे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर, इतके चिडले की त्यांनी हुजूर पक्षच सोडला! स्कॉटलंडच्या हद्दीत मात्र या गृहस्थांना जवळजवळ कुणी ओळखत नाही. तिथे फ्लॅट घेणारा सरळ मालक होतो.

यांना सगळं लेखी लागतं, आणि तारखेला. मुदतवाढीसाठी १९९३ च्या कायद्याखाली फ्रीहोल्डरला नोटीस द्यायची, तिच्यात आपण देऊ केलेली रक्कम लिहायची. नावापुरता हास्यास्पद आकडा लिहिलात तर नोटीसच बाद होते. उत्तराला फ्रीहोल्डरला निदान दोन महिने द्यावे लागतात. रक्कम जमली नाही तर त्याच्या उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे जायचं. ती तारीख हुकली की नोटीस मागे घेतली असं धरतात आणि पुढचे बारा महिने नवी देता येत नाही. शिवाय फ्रीहोल्डरच्या वकिलाचा आणि व्हॅल्युअरचा वाजवी खर्चही आपल्याच अंगावर. जाच आहे खरा, पण त्यात एक मोठा आधार आहे. हिशेबाला नोटिशीच्या दिवशीचं वय धरतात. तेव्हा ते ८० च्या वर असलं, तर पुढे बोलणी कितीही लांबली तरी मॅरेज व्हॅल्यू लागत नाही.

कधी फ्रीहोल्डर स्वतःच गोड बोलत येतो. नोटीसबिटीस कशाला, आपसांत मिटवू, वकिलाचे पैसे वाचतील. अशा वेळी कागद नीट वाचा. त्यात बहुधा ९० वर्षं मिळत नसतात. वय पुन्हा ९९ वर नेऊन ठेवतात आणि जुन्या मुदतीपुरता ग्राउंड रेंट चालूच राहतो. कायद्याच्या वाटेने गेलं तर उरलेल्या वर्षांत पूर्ण ९० ची भर पडते आणि भाडं उरतं मिरीचा एक दाणा. आपल्या कोकणात सुपारीवर वेल चढतो, तीच मिरी. तो दाणा वसूल करायला कुणी दारात येत नाही. एवढं झालं की या गृहस्थांसारखा सोशीक सोबती नाही. तुमची नातवंडं त्या घरात वाढतील, त्यांना यांचं नावही ऐकावं लागणार नाही.

२४ मे २०२४ ला नवा कायदा मंजूर झाला. फ्लॅट घेतल्यावर मुदतवाढीसाठी दोन वर्षं थांबण्याची अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेलीसुद्धा. पण ९९० वर्षांची वाढ आणि मॅरेज व्हॅल्यूला रजा या त्यातल्या दोन मोठ्या तरतुदी कागदावर असूनही हे लिहीपर्यंत अमलात आलेल्या नाहीत. त्यांच्या भरवशावर ८१ चा पट्टा ७९ होऊ द्यायचा की नाही, हे व्हॅल्युअरला विचारल्याशिवाय ठरवू नका.

आज संध्याकाळी कपाटातून भाडेपट्ट्याची प्रत काढा. मुदत कुठल्या तारखेपासून सुरू झाली आणि किती वर्षांची होती ते वाचा, त्यातून गेलेली वर्षं वजा करा. उत्तर ८५ च्या खाली आलं, तर याच आठवड्यात सॉलिसिटरला फोन करा.