एल्समधला फ्लॅग

मूळ संख्येचा प्रोग्राम तपासायला घेतला की मी पहिल्यांदा नऊ टाकतो. मुलं सात, आठ, दहा, अकरा टाकून बघतात आणि ‘सर, आलं’ म्हणून हात वर करतात. उत्तरं खरंच बरोबर आलेली असतात. नऊ टाकला की मात्र स्क्रीनवर येतं : 9 ही मूळ संख्या आहे.

कारण ठरलेलं. भाग गेला तर फ्लॅग फॉल्स, एल्समध्ये फ्लॅग ट्रू, आणि लूप संख्येच्या निम्म्यापर्यंत. नवाला तिनाने भाग जातो, फ्लॅग फॉल्स होतो. मग चाराची फेरी येते, भाग जात नाही, फ्लॅग पुन्हा ट्रू. तिनाने दिलेली साक्ष चाराने पुसली. सम संख्येच्या शेवटच्या फेरीत निम्म्याने भाग जातोच, म्हणून सम संख्या सगळ्या बरोबर. विषम मात्र पाचापासून पुढे सरसकट मूळ! काही चलाख मुलं भाग गेल्या गेल्या ब्रेक टाकतात. मग नऊही बरोबर येतो आणि एल्समधली खोड झाकली जाते. पुढे कधीतरी ब्रेक नसलेला लूप लिहायची वेळ आली की ती पुन्हा डोकं वर काढते.

ट्रू-फॉल्स हा प्रकार पुस्तकं अर्ध्या पानात उरकतात. किमती दोनच, मग सांगायचं तरी काय? जॉर्ज बूलचं नाव, त्याच्या 1854 च्या ग्रंथाचा उल्लेख, ‘अँड’ आणि ‘ऑर’चे तक्ते, की लगेच पुढचा धडा. पण बूलच्या बीजगणितात काळ नाही. तिथे एखादी गोष्ट खरी असेल तर ती खरीच. फ्लॅगला आधी आणि नंतर असतं. काहीतरी घडून गेलं याची तो आठवण ठेवतो. ती आठवण पुसायचा हक्क कोणाला, हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं.

मी शिकलो टर्बो सीवर, आणि शिकवलंही बरीच वर्षं त्यावरच. तिथे ट्रू-फॉल्स हा प्रकार नव्हताच. सी भाषेला तो 1999 च्या मानकात मिळाला, टर्बो सी त्याच्या आधीचं. आम्ही इंट फ्लॅग घ्यायचो आणि शून्य-एकावर भागवायचो. पायथनमध्ये ट्रू-फॉल्सचा स्वतंत्र प्रकार 2003 पासून आहे, पण तोही पूर्णांकांच्याच पोटात : ट्रू अधिक ट्रू केलं तर उत्तर दोन येतं. भाषा बदलली, क्लासमधले संगणक बदलले, नऊ मूळचा मूळच राहिला.

यावर माझं औषध म्हणजे ड्राय रन. फळ्यावर तीन रकाने : भाजक, बाकी, फ्लॅग. तिसऱ्या रकान्यात फॉल्सच्या खाली पुन्हा ट्रू लिहिताना मी हात मुद्दाम थांबवतो, वर्गात कुजबुज सुरू होते, मग मागे वळून बघतो. खरं सांगायचं तर त्या क्षणासाठीच मी इतकी वर्षं हा प्रोग्राम शिकवत आलो.

मागच्या बॅचला दिवसभर मेडिकल दुकानात काम करून येणारी एक मुलगी होती. पायथन 3 मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव देता येतं, हे मी सहज बोलून गेलो होतो. तिने फ्लॅगला नाव दिलं ‘भाजक_सापडला’. लूपच्या आधी फॉल्स, भाग गेला की ट्रू. एल्स नाहीच. मी विचारलं, ‘एल्स कुठंय?’ ती म्हणाली, ‘सापडलाय ना सर, मग पुढच्या फेरीत परत हरवेल कसा?’ नऊ टाकला. उत्तर बरोबर. फळ्याकडे जायची गरजच उरली नाही, आणि मला चक्क वाईट वाटलं. पुढच्या बॅचला मी तेच नाव फळ्यावर लिहिलं, जणू माझंच आहे अशा थाटात.

आमच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या क्लासमधले तरुण सर म्हणतात, फ्लॅग आता कोण वापरतं? ऑल हे फंक्शन आहे, एका ओळीत काम होतं. कामापुरतं ते बरोबर आहे. पण त्या ऑलच्या आतही कोणीतरी पहिल्या फॉल्सला थांबतं, आणि का थांबतं हे त्यांच्या मुलांना विचारलं की ती मोबाईल बाहेर काढतात. मोबाईल कोड देतो, नीटनेटका देतो, आणि व्हेरिएबलचं नाव बऱ्याचदा फ्लॅगच ठेवतो.

ट्रू-फॉल्सच्या नावातून काय घडलं ते कळलं पाहिजे : सापडला, संपलं, पैसे भरले. ‘फ्लॅग’मधून काहीच कळत नाही, म्हणून तो कोणीही कुठेही उलटा करतो. शिकवणाऱ्या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे : उत्तर बरोबर आलं तरी ‘फ्लॅग’ या नावाचा अर्धा गुण कापा. मी कापतो, आणि पालक भांडायला आले तरी परत देत नाही.