तराजूत न येणारे कण

हवेतील धूलिकण आपण वजनाने मोजतो, हे मला पन्नाशीनंतर कळले आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी तेथेच थबकलो. ज्यांना वजन नाही त्यांची दप्तरी नोंद नाही, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

माझे वडील ट्रकच्या गॅरेजात कामाला होते. सायलेन्सरमधून काळा धूर येईनासा झाला की गाडी सुधारली, हा त्यांचा हिशेब; डोळ्यांपुरता तो खराही होता. परंतु 100 नॅनोमीटरहून लहान कण डोळ्यांना दिसतच नाहीत. इंजिनातील ज्वलनातून, विशेषतः डिझेलच्या, ते अगणित संख्येने बाहेर पडतात. 10 मायक्रॉनच्या एकाच धूलिकणाइतके वजन भरण्यास 100 नॅनोमीटरचे दहा लाख कण लागतात. आपल्या देशाची 2009 ची हवेची मानके पीएम 10 आणि पीएम 2.5 यांचे वजन पाहतात. या अतिसूक्ष्म कणांची संख्या पाहत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली ती मोजावी असे सुचविले. दिवसाची सरासरी घन सेंटिमीटरला 10,000 च्या पुढे गेल्यास ती अधिक समजावी, असेही म्हटले.

शरीरात मात्र हेच कण खोलवर पोहोचतात. एडिनबरा येथील संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांना सोन्याचे निरुपद्रवी अतिसूक्ष्म कण श्वासावाटे दिले. काहींच्या रक्तात ते पंधरा मिनिटांत आढळले. तीन महिन्यांनंतरही शरीरात होते. मानेच्या रक्तवाहिन्या चोंदलेल्या रुग्णांत तर ते नेमके त्या चोंदलेल्या जागी सापडले. सोन्याच्या जागी काजळी असेल तर काय, हे हृदयरोग्याला वेगळे सांगावे लागत नाही.

रस्त्यापासून शे-दोनशे मीटर दूर गेले की ही संख्या झपाट्याने उतरते. म्हणूनच शहराच्या सरासरीवर माझा फारसा विश्वास नाही. रस्ता झाडणारी भगिनी, हातगाडीवाला, सिग्नलपाशी निजणारे कुटुंब त्या सरासरीत विरघळून जातात.

आपल्या शाळेचे मैदान महामार्गाला लागून आहे आणि मुले तर येथेच राहतात. सकाळची कवायत वसतिगृहामागील आवारात न्यावी, असे मी शिक्षकसभेत सुचविले. ते मान्य झाले. भेटीच्या रविवारी फाटकाशी उभ्या राहणाऱ्या जीपगाड्यांनी इंजिन बंद ठेवावे, अशी पाटीही लावली. चालक म्हणतात, “सर, दोनच मिनिटं.” त्या दोनाची वीस होतात. तेव्हा हल्ली मीच फाटकावर जातो आणि किल्ली फिरवून घेतो.