वहीतले बारीक आकडे

पोस्टिंग ऑर्डरवर तंजावर वाचलं तेव्हा पलटणीतली पोरं म्हणाली, "हवालदारसाहेब, आता तीन वर्षं इडली." एनसीसीच्या युनिटवर पीआय स्टाफ म्हणून जायचं होतं. म्हणजे कॉलेजच्या मुलांना कवायत, रायफल आणि नकाशावाचन शिकवायचं. जून २०१८ मध्ये हजर झालो. घरचे फलटणलाच राहिले, कारण मुलीची दहावी होती.

ज्यांनी पलटणीत नोकरी केली त्यांना हे लगेच कळेल. पलटणीत माणूस एकटा पडत नाही. सकाळी फॉलइन, संध्याकाळी रोल कॉल. तुम्ही जागेवर नसाल तर पाच मिनिटांत कुणीतरी विचारतं. इथे दुपारी काम आटोपलं की मी भाड्याच्या खोलीवर. खाली उतरलो तर सगळी तमिळ, वर बसलो तर पंखा. पेन्शन तीन वर्षांवर आली होती, आणि पुढचं आयुष्य असंच असणार की काय, हा विचार पंख्याबरोबर फिरत राहायचा.

मुलूख मात्र डोळे निववणारा. मेट्टूर धरणाचं पाणी कल्लणैला येतं, तिथून कावेरी, वेण्णार आणि कालव्यांतून गावोगाव पसरतं. पाणी पोचलं की भाताची लावणी. माणदेशाच्या कडेला वाढलेल्या माझ्यासारख्याला एवढं पाणी रस्त्याकडेने फुकट वाहताना पाहून आधी हेवा वाटला, मग सवय झाली.

ऑगस्टमध्ये परेड सुटल्यावर एक कॅडेट मुलगी वही घेऊन आली. "सार, तुम्ही मराठी ना? याचा अर्थ सांगा." वही तमिळमध्ये होती. तिने वाचून दाखवलं आणि मी चाट पडलो. तुकोबांचा अभंग होता. उच्चार मोडके, पण चाल ठेक्यात. कॉलेजमधली पंधरा-सोळा मुलंमुली दर शनिवारी कुंभकोणमजवळच्या एका गावात भजनाला जातात, असं तिने सांगितलं. पुढच्या शनिवारी मीही बसमध्ये बसलो.

अग्रहार, म्हणजे जुनी ब्राह्मण आळी. निम्म्या घरांना कुलपं, कारण माणसं चेन्नईला नाहीतर अमेरिकेला. मधोमध एक भजनमठ आणि तो सांभाळणारे पंचाहत्तरीचे भागवतर. सगळी मुलं त्यांना मामा म्हणायची. मामांबरोबर गाणारी पिढी संपली होती. चार वर्षांपूर्वी दोन विद्यार्थी सहज आत डोकावले, त्यांनी मित्र आणले, आणि मंडळी उभी राहिली.

तमिळ भजनात मराठी अभंग कसा, हे थोडं सांगतो. १६७६ मध्ये शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, तंजावरच्या गादीवर बसले. १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य टिकलं. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी कोरून घेतलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी इतिहास आजही आहे. राज्याबरोबर समर्थांचे शिष्य भीमस्वामी आले, रामदासी मठ झाले, कीर्तनकार आले. दुसरीकडे कुंभकोणमच्या परिसरात गोविंदपुरमचे बोधेंद्र आणि तिरुविसनल्लूरचे श्रीधर अय्यावाळ यांनी नामसंकीर्तनाची वाट घालून दिलेली होती. पुढे मरुदनल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी भजनाची पद्धत बसवली. तिच्यात जयदेवांची अष्टपदी संस्कृतात, भद्राचल रामदास तेलुगूत, पुरंदरदास कन्नडमध्ये, गोपाळकृष्ण भारती तमिळमध्ये आणि आपले संत मराठीत, असे सगळे एका पंगतीला बसतात. कुणाला भाषांतराची गरज वाटत नाही.

उच्चाराची मात्र वाटते. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चारींना एकच अक्षर. प, फ, ब, भ यांचंही तसंच. म्हणून भजनाच्या वह्यांत अक्षराच्या डोक्यावर २, ३, ४ असे बारीक आकडे लिहितात. प वर ३ म्हणजे ब, ४ म्हणजे भ. आकडा राहिला की 'बाप' चा 'पाप' होतो. मुलांच्या वह्या एकमेकींवरून उतरवलेल्या, त्यामुळे निम्मे आकडे गळालेले. मामांनी माझ्याकडे पाहून एकच विचारलं, "पुढच्या शनिवारी येणार ना? मग वह्या तपासा."

मी गाणारा नाही. वडील गावच्या भजनात पखवाज वाजवायचे, मी फक्त टाळ धरायचो. पण त्या दिवसापासून माझं काम ठरलं. शनिवारी संध्याकाळी खांबाला टेकून बसायचं आणि लाल पेनाने आकडे भरायचे. चंद्रातला च आणि चोरातला च वेगळा, हे समजावताना माझी जी तारांबळ उडाली, ती कवायत शिकवताना कधी उडाली नव्हती.

आता खरी गोष्ट सांगायची ती एका मुलाची. पेरावुरणीकडचा, नारळवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, घरातला पहिलाच इंजिनिअरिंगला आलेला. शाळा तमिळ माध्यमात, इथे सगळं इंग्रजीत. पहिल्या वर्षाचे चार पेपर अरियर, म्हणजे आपल्याकडची केटी. होस्टेलवर कुणाशी बोलायचा नाही. खोलीतल्या मित्राने ओढून आणलं तर मठाच्या बाहेर ओट्यावर बसला. दोन शनिवार तिथेच. आत ये म्हटलं की हसायचा. त्याच्या घरातलं कुणी आजवर अशा आळीत पाहुणा म्हणून आलेलं नव्हतं. त्याला कुणी अडवलं नव्हतं, पण अडवायची गरजच नव्हती. ते त्याच्या अंगात आधीपासून होतं.

तिसऱ्या शनिवारी मामा भजन थांबवून बाहेर आले आणि म्हणाले, "दिव्यात तेल कोण घालणार?" दिव्यनामाच्या वेळी मधोमध मोठी समई ठेवून तिच्याभोवती फेर धरून गातात. ती समई आत होती. तेल घालायचं तर आत जावं लागणार. तो गेला. त्या दिवसापासून समई घासणं, वाती, तेल हे त्याचं काम. आळीतल्या एक मामी पुढचे दोन आठवडे आल्या नाहीत. मग आल्या, पण लांब बसल्या. मामा काही बोलले नाहीत.

परतीच्या बसमध्ये त्याने मला विचारलं, "सार, हे अभंग लिहिणारे कोण होते?" मी म्हटलं, नामदेव शिंपी. तुकोबा कुणबी, वाण्याचं दुकान चालवणारे. चोखोबांना तर देवळाच्या बाहेरच उभं राहावं लागलं. तो म्हणाला, "आमच्याकडे नंदनार." शेतमजूर नंदनार तिरुप्पुंकूरच्या देवळाबाहेर उभा होता, त्याला दर्शन व्हावं म्हणून आतला नंदी बाजूला सरला, अशी तिथली कथा. त्यावर तमिळमध्ये गाणी रचली ती याच गोपाळकृष्ण भारतींनी. नंतर तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "नंदी सरकला. भिंत तिथेच राहिली." मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. पण पुढच्या शनिवारी तो वेळेवर आला.

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज चक्रीवादळ वेदारण्यमच्या बाजूने किनाऱ्यावर आलं. पट्टुक्कोट्टै, ओरत्तनाडू, पेरावुरणी या भागांतल्या नारळाच्या बागा एका रात्रीत झोपल्या. पोरगा घरी गेला. आठवड्याने फोन लागला तेव्हा कळलं, साठ झाडांतली चार उभी आहेत. नारळ लावला की फळायला पाच-सात वर्षं जातात. तो म्हणाला, कॉलेज सोडतोय, तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात ओळख निघाली आहे.

मंडळीने त्याला उपदेश केला नाही. समईचं काम पाळीपाळीने सगळ्यांनी केलं, पण भिंतीवरच्या कामाच्या यादीत नाव त्याचंच राहिलं. डिसेंबरच्या मध्याला मार्गळी महिना लागतो. पहाटे गल्लीतून भजन म्हणत फिरायचं आणि दारोदार मूठ-मूठ तांदूळ घ्यायचा. याला उंछवृत्ती म्हणतात. मामांनी त्याला निरोप धाडला: "मार्गळी लागतेय. दिव्याचं काय करायचं ते येऊन सांग."

तो आला. पहिल्या रविवारी तांदळाचं भांडं त्याच्याच हातात होतं. आळी झाली, मग शेजारची कुंभारआळी, मग कालव्यापलीकडची वस्ती. लांब बसणाऱ्या मामींनी सूपभर तांदूळ ओतला. चार रविवारांत पाच पोती भरली. मामा म्हणाले, हा तांदूळ पेरावुरणीला जाणार. पोराचा चेहरा उतरला. "मीच मागितलं आणि मीच घेऊ?" मामा म्हणाले, "आपण रोज दारात उभे राहतो ते कशासाठी? मागणारा आणि घेणारा वेगळे आहेत असं वाटू नये म्हणून." तरी त्याने अट घातली: घरी नाही, गावच्या सगळ्या गल्लीला वाटायचा. आम्ही सहा जण टेम्पोबरोबर गेलो. आडवी पडलेली झाडं अजून तशीच होती. पहिलं पोतं त्याने स्वतःच्या पाठीवर उतरवलं.

परीक्षेची फी मंडळीतल्या नोकरीला लागलेल्या जुन्या मुलांनी भरली, पुढे तू एकाची भरायची या बोलीवर. चारही पेपर सुटायला दीड वर्ष लागलं, पण सुटले.

मी या सगळ्याचा पुष्कळ विचार केला आहे. त्या मुलांतले काही भाविक होते, काही निव्वळ भजनानंतरच्या पोंगलसाठी येत. श्रद्धा किती आहे हे मामांनी कुणाला विचारलं नाही. वेळेवर आलास का, एवढंच विचारायचे. आपलेपणा आधी मिळतो आणि मग माणूस काम करतो, असं आपण समजतो. मी उलटं पाहिलं. आधी हातात तेलाची बाटली किंवा लाल पेन येतं. आपण नसलो तर ते काम अडतं, म्हणून कुणीतरी आपली वाट पाहतं. पलटण हेच करते, फक्त हुकमाने. इथे वीस-एकवीस वर्षांच्या पोरांनी हुकमाशिवाय ते चालवलं होतं, कारण मधोमध समई होती आणि तिच्यापुढे सगळे सारखेच बसत होते. निदान शनिवारी संध्याकाळी तरी.

२०२१ च्या उन्हाळ्यात मी पेन्शनवर आलो. निघताना त्या मुलाने मला पहिल्यांदा सार न म्हणता अण्णा म्हटलं. तो आता चेन्नईत नोकरी करतो. महिन्यातून एक शनिवार कुंभकोणमची बस पकडतो आणि नव्या मुलांच्या वह्यांत आकडे भरतो. 'बाप' आणि 'पाप' यांतला फरक तो माझ्यापेक्षा चांगला समजावतो, असं त्या कॅडेट मुलीने कळवलं.

ज्यांची पेन्शन जवळ आली आहे त्या सोबत्यांना एवढंच सांगेन. गावी गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत सकाळी पाचला जाग येते आणि कुणी फॉलइन घेत नाही. तेव्हा देऊळ, तालीम, वाचनालय, जे जवळ असेल तिथे जा, आणि मानाची खुर्ची मागू नका. काम मागा. आमच्या गावच्या भजनात मी टाळांची पेटी सांभाळतो. सोळा जोड आहेत, रात्री मोजून ठेवावे लागतात.