चालता खर्ज

मेक्सिकोच्या पश्चिम भागात हालिस्को नावाचे राज्य आहे. ग्वादालाहारा ही त्याची राजधानी. तेथून नैर्ऋत्येकडे निघालेला रस्ता तासा-सव्वा तासात कोकुला या लहानशा नगरात पोहोचतो. मध्यभागी चौक, चौकालगत चर्च, अशी त्या प्रदेशातील कोणत्याही नगरासारखीच त्याची मांडणी. पण मारियाची संगीताचे माहेर आपणच, असे कोकुला अभिमानाने सांगते. अभ्यासक हे सगळेच मान्य करीत नाहीत. ‘मारियाची’ या शब्दाचा एक जुना लेखी उल्लेख १८५२ सालच्या पत्रात सापडतो. ते रोसामोरादा या दुसऱ्याच गावच्या धर्मगुरूने आपल्या बिशपांना लिहिले होते, आणि त्यातही कौतुक नाही, गोंगाटाबद्दलची तक्रार आहे!

माहेराचा वाद बाजूला ठेवला तरी एका वाद्याशी कोकुलाचे नाते निर्विवाद आहे. ते वाद्य म्हणजे गितारोन. मराठीत गाडीचा गाडा होतो, तसा स्पॅनिशमध्ये गिटारीचा गितारोन झाला. मात्र ही नुसती वाढवलेली गिटार नव्हे. तिची मान आखूड, पोट प्रचंड आणि पाठ बाहेरच्या बाजूस फुगलेली असते. या फुगवट्यातच तिचा आवाज साठतो. पाठ व बाजू मेक्सिकन सीडर लाकडाच्या, तर वरची फळी ताकोते नावाच्या अतिशय हलक्या लाकडाची असते. त्यामुळे पाहणाऱ्याला अवजड वाटणारे हे वाद्य पट्ट्याने गळ्यात अडकवून वादक तासन्‌तास उभा राहू शकतो आणि वाजवीत चालूही शकतो.

या चालण्यातच गितारोनच्या भाग्योदयाचे रहस्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हालिस्कोत दोन परंपरा नांदत होत्या. दक्षिणेकडील तेकालित्लानच्या वादकांचा खर्ज हार्प सांभाळी. कोकुलाचे वादक मात्र दोन व्हायोलिन, विउएला नावाची लहान पाच तारांची गिटार आणि गितारोन घेऊन निघत. १९०८ साली कोकुलाच्या अशाच चौघांचे वादन ध्वनिमुद्रित झाले. मारियाचीची ती आद्य ध्वनिमुद्रणे होत. पुढे खेड्यांतले वादक पोटासाठी राजधानी मेक्सिको शहरात आले. तेथे गिऱ्हाईक गाठण्यासाठी गल्लोगल्ली, मेजामेजांवर हिंडावे लागे. हार्प उचलून हे कसे साधणार? हळूहळू हार्प मागे पडली आणि गितारोन सर्वत्र स्थिरावला.

वाजवण्याची पद्धतही गरजेतूनच घडली. उघड्या चौकात, व्हायोलिनांच्या आणि पुढे सामील झालेल्या ट्रम्पेटच्या गजरात एका तारेचा खर्ज ऐकू येणे कठीण. म्हणून वादक एकाच वेळी दोन तारा छेडतो: एक खालच्या सप्तकातील, दुसरी तोच स्वर वरच्या सप्तकात देणारी. यासाठी सहा तारांची जुळणीही विलक्षण आहे. पाच तारा क्रमाने चढत जातात आणि सहावी एकाएकी खाली उतरून पहिल्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर येऊन थांबते. मानेवर पडदे नाहीत. स्वराची जागा बोटांनीच ओळखायची, आणि तीही दोन तारांवर एकदम. जाड तारा दाबताना डाव्या हाताचा कस लागतो. पूर्वी या तारांपैकी काही जनावरांच्या आतड्याच्या असत. आज त्यांची जागा नायलॉनने घेतली आहे, ही समाधानाची गोष्ट.

मारियाचीत संचालक समोर उभा राहून हात हलवीत नाही. ‘सोन’ या प्रकारात सहा मात्रा कधी तीन-तीन, तर कधी दोन-दोन-दोन अशा विभागल्या जातात, आणि या हेलकाव्यात सर्वांना धरून ठेवण्याचे काम गितारोनचे. श्रोत्यांच्या नजरा गायकावर आणि ट्रम्पेटवर खिळलेल्या असतात. गितारोनवाला सहसा कडेला उभा असतो. तो क्षणभर थांबला, तरच त्याची आठवण होते. यजमानाच्या ऐपतीप्रमाणे ताफा लहान करायचा झाला, तर व्हायोलिने कमी होतात. गितारोन वगळणे मात्र जड जाते.

मेक्सिको शहरातील गारीबाल्दी चौकात आजही संध्याकाळी चांदीच्या गुंड्यांच्या पोशाखातील वादक गिऱ्हाइकांची वाट पाहत उभे असतात. २०११ साली युनेस्कोने मारियाचीला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. तरी वादकाचा दिवस चौकात येणाऱ्यांवरच अवलंबून राहिला. २०२० च्या महामारीत लग्ने आणि वाढदिवस थांबले, चौक ओस पडला. बोलावणी आली, ती पुष्कळदा अंत्ययात्रांची.

हार्प कायमची गेली नाही. तेकालित्लानमध्ये जन्मलेल्या मारियाची वार्गास या विख्यात ताफ्याने ती जपली असून रंगमंचावर ती आजही दिमाखात उभी असते. पण पहाटे एखाद्या घराच्या खिडकीखाली आईच्या वाढदिवसाचे गाणे म्हणायला, किंवा शवपेटीमागून दफनभूमीपर्यंत चालत जायला निघायचे असते, तेव्हा वादक गितारोनचाच पट्टा गळ्यात अडकवतात.