इंदापूरहून इंदापूरमार्गे जंजिरा

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना समुद्र दाखवायचा, असं आमच्या घरात तीन वर्षं ठरत होतं आणि राहून जात होतं. आमच्या इंदापूरकडच्या मुलांना पाणी म्हणजे उजनी, पक्षी म्हणजे भिगवणचे रोहित आणि मासा म्हणजे चिलापी. शेवटी मुरूड-जंजिऱ्याला जायचं नक्की झालं. ‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’वरून आला, म्हणजे बेट. वर्गात हे दरवर्षी सांगणाऱ्या बाईंनी स्वतः ते बेट पाहिलेलं नव्हतं!

आधी एक गोष्ट सांगून ठेवते. किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही. होडीनं जायचं, तास-पाऊण तास पाहायचं आणि परत यायचं. म्हणून राहायचं कुठे, हा प्रश्न किनाऱ्यावरच सोडवावा लागतो. आमच्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली मुरूड गावाची: लांब वाळूचा किनारा, भरपूर लॉज, पण सुट्टीत गर्दी आणि रात्री उशिरापर्यंत गोंगाट. दुसरी खाडीपलीकडे दिघी-दिवेआगरची: किनारा सुंदर, पण आगरदांड्याला यायचं तर गाडीसकट फेरीबोट धरावी लागते. तिसरी राजपुरीची: किल्ल्याच्या होड्या सुटतात तेच गाव. पोहायला किनारा नाही, पण मशीद जवळ आणि होडी दारात.

मुलांना अर्थातच मुरूडला ‘समुद्रासमोरची खोली’ हवी होती. यांनी दोन-तीन फोन केले. एका ठिकाणी खोली आहे म्हणाले, नाव सांगितल्यावर ती अचानक भरली. दुसरीकडे खोली मिळत होती. मग सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी म्हणाल्या, “मला पाण्यासमोरची खोली नको गं. सकाळी उठून पाणीच बघायचं का?”

मुलं हसली. आम्ही दोघं गप्प झालो. अम्मींचं माहेर पळसदेवच्या बाजूचं. 1980 च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झालं आणि त्यांचं घर, शेत, वडिलांची कबर, सगळं पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, लोक बघायला जातात. अम्मी कधी गेल्या नाहीत.

ओळखीतून राजपुरीत एका कोकणी मुस्लिम कुटुंबाच्या घरी दोन खोल्या मिळाल्या. खिडकीतून दिसत होती नारळाची झाडं आणि शेजाऱ्यांची दोरीवरची कपडे.

पुण्याहून ताम्हिणी घाटानं माणगावला उतरलो, मग महामार्गावर पाटी आली: इंदापूर! रायगडमधलं हे दुसरं इंदापूर. “अम्मी, आपण घरी परत आलो,” असं धाकटा ओरडला. तिथून तळामार्गे राजपुरी.

घरमालकीण बाईंनी तांदळाची भाकरी आणि नारळाच्या वाटणातलं माशाचं सालन वाढलं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली आमची मुलं बोटं चाटत होती. हलाल आहे का, हे विचारायची वेळ आली नाही. वजूला पाणी, अम्मींसाठी खाली खोली, संडास जवळ, हे मी जातानाच पाहून घेतलं. यांना मशिदीत एक फरक जाणवला. कोकणातले लोक शाफई, त्यामुळे असरची जमात आपल्या हनफी वेळेपेक्षा लवकर होते. पहिल्या दिवशी ती चुकलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यावर गेलो. शिडाची होडी दाराशी येते ती डुलतच, आणि पायरीवर पाय टाकायचा तो क्षण गुडघे दुखणाऱ्यांना अवघड. एका बाजूनं मुलानं, दुसऱ्या बाजूनं होडीवाल्यानं धरलं आणि अम्मी बिस्मिल्लाह म्हणत उतरल्या. हबशी वंशाच्या सिद्दींचा हा किल्ला. शिवाजी महाराजांनी आणि संभाजी महाराजांनी प्रयत्न केले तरी तो पडला नाही. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचा तलाव, कलालबांगडी तोफ, एकोणीस बुरूज. मुलं तोफेवरून हटेनात.

अम्मी मात्र पडक्या घरांच्या भिंतींसमोर थांबल्या. “इथे लोक राहायचे?” त्यांनी विचारलं. होडीवाला म्हणाला, “हो, अम्मा. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं. मग हळूहळू सगळे किनाऱ्यावर उतरले.” अम्मी बराच वेळ भिंतीला हात लावून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “निदान भिंती तरी राहिल्यात.”

त्या रात्री घरमालकीण बाई आणि अम्मी ओट्यावर उशिरापर्यंत बसल्या. बाईंच्या सासरची जुनी माणसं किल्ल्यावरच राहायची. त्यांनी ऐकलेलं सांगितलं, अम्मींनी पाहिलेलं सांगितलं. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली. अम्मींच्या माहेरच्या विहिरीला किती पायऱ्या होत्या, हे मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

जाणार असाल तर थोडं लक्षात ठेवा. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. जुम्याच्या दिवशी दुपारी नमाजसाठी होड्या थांबतात, म्हणून सकाळीच जा. पाणी बरोबर घ्या. राजपुरीजवळ खोकरीला सिद्दी सरदारांचे मकबरे आहेत, तेही पाहा. तिथे चढ-उतार नाही. खोली ठरवताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आधी विचारा.

परतल्यावर अम्मी म्हणाल्या, “उन्हाळ्यात पाणी उतरलं की एकदा पळसदेवला जाऊन येऊ. अब्बांसाठी दुआ करायची राहिलीये.” इन्शाअल्लाह, मे महिन्यात जाऊ. मुक्कामाची गरज नाही, घरापासून जवळच आहे.