पायऱ्यांची उंची

चेन्नईच्या उत्तरेला असलेल्या गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीतली हवा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात सहा श्रेणींत मोजतात. पहिल्या दोन श्रेणी ५० अंकांच्या, पुढच्या चार १०० अंकांच्या. क्रम आहे, पण पायऱ्यांची उंची समान नाही.

तेथील रहिवाशांना 'धाप लागते का?' असे विचारले, तर 'नाही, थोडी, बरीच, फार' या उत्तरांमागची मोजपट्टी अदृश्यच असते. तरीही माझ्या टेबलावर येणाऱ्या अहवालांत अशा उत्तरांना १ ते ४ अंक देऊन सरासरी काढलेली असते. पीटर मॅक्कला यांनी १९८०मध्ये मांडलेली क्रमिक प्रतिगमनाची पद्धत पायऱ्यांची उंची गृहीत धरत नाही. श्रेणींमधले उंबरठे ती आकडेवारीतूनच शोधते. मात्र धुराचा परिणाम प्रत्येक उंबरठ्यावर सारखाच असतो, हे तिचे गृहीतक तपासून घ्यावे लागते.

वाचकहो, सरासरीत 'फार' म्हणणारा माणूस हरवतो; धोरण तर त्याच्यासाठीच आखायचे असते.